सूर्य मावळायच्या आत

पवित्र शास्त्रात काही आज्ञांना सूर्यास्ताची मुदत घातलेली आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातात पडली पाहिजे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशाकडे लागलेलं असतं. ही आज्ञा ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात आहे. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळताना ते परत करायचं, नाहीतर तो रात्री काय घेऊन निजेल. ही ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात आहे. आणि राग आला तर तो सूर्य मावळेपर्यंत ठेवू नका, असं प्रेषित पौलानं इफिसच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलं. देवाची आज्ञा पाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं संडे स्कूलची मुलं विचारतात, तेव्हा मी आता हीच पानं काढून देते.

आमच्याकडे प्रार्थनासभेत ‘आज्ञापालन’ हा शब्द फार मोठ्या आवाजात म्हटला जातो. अब्राहामानं इसहाकाला डोंगरावर नेलं, तीन तरुणांना धगधगत्या भट्टीत टाकलं, पेत्र मासे धरायची जाळी सोडून येशूच्या मागे गेला. ऐकताना अंगावर काटा येतो आणि आला पाहिजे. पण जालना-परतूरकडच्या माणसाला आयुष्यात कुणी भट्टीत टाकायला येत नाही. त्याच्याकडे येतं ते महिनाअखेरीला दुकानदाराचं देणं, बांधावरचं भांडण, आणि संध्याकाळी पदराला हात पुसत उभ्या राहिलेल्या चार बाया. देवानंही बहुतेक आज्ञा तिथलंच बघून दिलेल्या आहेत. तागडीतलं वजन खोटं नको, शेताचे कोपरे कापू नको, पडलेला सरवा उचलू नको, तो गरिबासाठी नि परक्यासाठी राहू दे. मोशेचं नियमशास्त्र वाचताना मला तर कधी कधी आमच्या मोंढ्यातून, धान्यबाजारातून, फिरल्यासारखं वाटतं.

माझी मोठीमाय, म्हणजे वडलांच्या थोरल्या भावाची बायको, गावाकडची शेती बघते. मोठेबा गेल्यापासून एकटीच बघते. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागली की सुट्टीत मी तिच्याकडे जाते. वेचणी हे बायांचं काम. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधायची आणि ओळीनं वाकून बोंडांतून कापूस ओढत जायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, दुपारपर्यंत नखांच्या कडा सोलून निघतात. मजुरी किलोवर. उन्हं कलली की कडुलिंबाच्या फांदीला काटा टांगतात, एकेकीचं गठुडं आकड्याला लावतात आणि मोठीमाय वहीत आकडा लिहिते. आकडा लिहायच्या आधी ती वही त्या बाईपुढे धरते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढेही धरते. मग शेजारच्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावते. काट्याला हात कुणी लावायचा नाही, तिनंही नाही. आणि लगेच, तिथंच लिंबाखाली, पैसे.

पैसे रोख देते आणि बाईच्याच हातात देते. आता गावात सगळ्यांकडे फोन आहेत आणि फोनवरून पैसे धाडणं सोपं झालंय. पण खातं नवऱ्याचं असतं. मोठीमाय म्हणते, “वेचलं हिनं, अन् पैशे गेले त्याच्या खात्यात. मंग मी कुणाची मजुरी दिली?”

यात फार मोठं काय केलं, असं शेती न केलेल्या माणसाला वाटेल. शेती केलेल्याला वाटणार नाही. कापसाचं गणित असं असतं की वेचणी चालू असताना शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतोच. पेरणीला काढलेलं कर्ज, खताची उधारी, फवारणी, सगळं होऊन खिसा रिकामा. कापूस घरात साठतो, भाव बघून विकला जातो, आणि व्यापारी कधी कधी तेव्हाही लगेच पैसे देत नाही. त्यामुळे ‘कापूस गेला की देतो’ हे वाक्य आमच्या भागात कुणाला खोटं वाटत नाही. देणारा खरंच अडलेला असतो. मजुरांनाही ते ठाऊक असतं, म्हणून त्या मान हलवून जातात. आणि मग आठवडी बाजाराच्या दिवशी किराणा उधार घेतात, उधारीचा भाव चढा लागतो, आणि शेतकऱ्याची अडचण अशी फिरून तिच्या चुलीपाशी येऊन बसते.

मोठीमायनं यावर उपाय काढला तो साधा आहे, पण महाग आहे. सोयाबीन कापसाच्या आधी निघतं. सगळ्यांचं एकदमच निघतं, म्हणून मोंढ्यात आवक वाढते, भाव पडलेला असतो, ओलाव्याच्या नावाखाली आणखी कापतात. ज्याला थांबता येतं तो थांबतो. ती थांबत नाही. काही पोती त्याच पडत्या भावानं घालते, पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, घेते, आणि ते पैसे एका डब्यात वेचणीसाठी बाजूला ठेवते. त्या डब्याला मग दवाखाना लागला तरी हात नाही, पाहुणे आले तरी नाही. म्हणजे संध्याकाळी लिंबाखाली जे घडतं त्याची जुळवाजुळव जूनमध्ये, कोणत्या रानात सोयाबीन पेरायचं हे ठरवताना सुरू होते. थांबली असती तर मिळाले असते असे पैसे दर वर्षी तिच्या हातून जातात. आज्ञापालनाला किंमत पडते असं आम्ही गाण्यातून म्हणतो. मोठीमायच्या घरी ती किंमत मोंढ्याच्या पट्टीवर क्विंटलच्या हिशोबात लिहिलेली असते.

मला वाटतं आपण ‘मनापासून’ या शब्दावर फार विसंबतो. मन तयार झालं की आज्ञा पाळता येईल, आधी देवानं मन बदलावं, मग हात आपोआप चालतील, असं धरून चालतो. मन बदलतं हे खरं, आणि ते देवच बदलतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मजुरीच्या आज्ञेत देणाऱ्याच्या मनाचा उल्लेखच नाही. मन कुणाचं आहे तिथं? घेणाऱ्याचं. त्याचं मन त्या पैशाकडे लागलेलं आहे, म्हणून दे. देव देणाऱ्याला सांगतो की तू स्वतःच्या मनात डोकावत बसू नको, त्याच्या मनात काय चाललंय ते बघ, आणि दिवस बुडायच्या आत बघ.

त्याच अध्यायात थोडं पुढं या आज्ञांचं कारणही दिलेलं आहे, आणि ते कारण मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला फार जवळचं आहे. ‘तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव,’ असं देव मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेल्या इस्राएल लोकांना सांगतो. आमच्या मंडळ्यांतली कितीतरी घराणी मातंग आणि महार समाजातून ख्रिस्ताकडे आलेली. मुंबईत १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढं निजामाच्या राज्यात जालन्याला आले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. जन्मानं ब्राह्मण असलेला माणूस गावकुसाबाहेरच्या लोकांत येऊन राहिला, त्यांच्याबरोबर जेवला, त्यांच्या शेती-विहिरींचं बघू लागला. त्याच्या आज्ञापालनाबद्दल आम्ही दर वर्षी भाषणं ऐकतो. पण बेथेलला आणि तसल्या वस्त्यांत जे लोक आले, ते कुठून आले ते कमी सांगितलं जातं. ते वेठीतून आले होते. गावाची कामं करायची, निरोप पोचवायचे, ढोरं ओढायची, आणि संध्याकाळी पाटलाच्या वाड्यापुढे लांब उभं राहून काय मिळेल ते घ्यायचं. मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. आमचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर झाले, त्यांच्या पगारातून हे रान घेतलं गेलं. त्यांचे वडील असेच उभे राहिलेले होते.

आता वही आमच्या हातात आहे. काटा आमच्या लिंबाला आहे. शास्त्रातली ही आज्ञा अशाच माणसांना दिलेली आहे, जे काल समोरच्या रांगेत होते आणि आज पैसे मोजणाऱ्या बाजूला आलेत. मिसरातून सुटलेल्यांना देवानं पहिल्यांदा हे शिकवलं की मिसरच्या राजासारखं, फारोसारखं वागू नका. मोठेपण आलं की फारो व्हायला फार वेळ लागत नाही. एक ट्रॅक्टर पुरतो.

कापणीच्या सणाला हे सगळं मला जास्त टोचतं. सण मला मनापासून आवडतो हे आधी सांगते. वेदीपुढे ज्वारीची ताटं बांधलेली असतात, भोपळे, हरभऱ्याची टोपली, कुणाची कोंबडी पाय बांधून ठेवलेली, मधूनच ओरडते आणि पाळकसाहेब उपदेश थांबवून हसतात. उपासना झाली की लिलाव. एक लिंबू शंभराला जातं, पुन्हा अर्पण होतं, पुन्हा विकलं जातं. लोक हसत हसत देतात. असा आनंद मी दुसऱ्या कोणत्या सणात बघितला नाही.

पण त्याच सणाला शौल राजाची गोष्ट वाचली पाहिजे असं माझं मत आहे. १ शमुवेल १५. अमालेकी लोकांची लूट ठेवायची नाही अशी आज्ञा होती. शौलानं चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली आणि संदेष्टा शमुवेल दिसताच पुढं होऊन म्हणाला, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हे मेंढरांचं ओरडणं येतंय ते काय? शौलाचं उत्तर अगदी धार्मिक आहे. ती देवाला अर्पण करायलाच ठेवलीत. तिथं शमुवेल ते वचन बोलतो, जे आमच्या कितीतरी घरांत भिंतीवर लावलेलं असतं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. याकोबाच्या पत्रातही असाच एक आवाज आहे. तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते आहे, आणि कापणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे. वेदीपुढे ज्वारीची ताटं उभी आहेत आणि ती कापणाऱ्या बाईचे आठ दिवसांचे पैसे राहिलेत, तर त्या ताटांतून देवाला काय ऐकू येत असेल?

हे मी फक्त शेतकऱ्यांना म्हणत नाही. मंडळ्या आणि संस्थाही यातून सुटत नाहीत. देवळाच्या रंगरंगोटीला वर्गणी जमते आणि देवळाची झाडलोट करणाऱ्या बाईचा पगार ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’ म्हणून राहतो, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय. तिथं पैसा नसतो असं नाही. तिचं नाव यादीत शेवटी असतं.

रागाची मुदत पाळणं मात्र मजुरीहून अवघड आहे, कारण तिथं देऊन मोकळं होता येत नाही. आमच्याकडे राग म्हणजे बहुतेक वेळा बांध. दोन भावांत वाटणी होते, मग नांगर दर वर्षी वीतभर पलीकडे सरकतो, मग मोजणी, मग तारखा. आमच्या मंडळीतल्या अशाच दोन चुलतभावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. देवळात एक उजव्या बाजूला बसायचा, एक डाव्या. प्रभुभोजनाच्या रविवारी दोघंही पुढं जायचे, मध्ये दोन-चार माणसं सोडून. एका रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. धाकटा उठला आणि बाहेर गेला. सगळ्यांना वाटलं पाणी प्यायला गेला असेल. थोरला त्या दिवशी देवळात आलाच नव्हता, त्याच्या घरी पाहुणे होते. धाकटा चालत त्याच्या घरी गेला.

तिथं पुढं काय झालं ते मला त्याच्या बायकोनं सांगितलं. थोरल्यानं दार उघडलं, बस म्हणाला नाही. वहिनीनं चहा आणला. दोघं पाहुण्यांसमोर पावसाबद्दल बोलले. निघताना धाकटा म्हणाला, “दादा, तारखेला मी येतो, पण तुमच्याशी बोलणं सोडलं होतं ते चुकलं माझं.” दादा काही बोलला नाही. खटला अजून चालू आहे. बांध होता तिथंच आहे. पण त्यानंतर थोरल्याच्या मुलीच्या लग्नाला धाकट्याच्या घरी पत्रिका आली, आणि ती द्यायला थोरला स्वतः आला.

मी हे सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांना पुढचं हवं असतं. खटला मिटला का, गळ्यात पडले का. आज्ञा पाळली की गोष्ट पुरी व्हायलाच पाहिजे असं आपल्याला वाटतं. येशूनं भावाकडे जा एवढंच सांगितलं. दार कसं उघडेल ते सांगितलं नाही.

यातूनच एक शिकवण निघते, जिच्याबद्दल मला काळजी वाटते. देवाची आज्ञा पाळा, म्हणजे बोअरला पाणी लागेल. दशांश, उत्पन्नाचा दहावा भाग, द्या, म्हणजे पीक येईल. यासाठी अनुवादाचा २८ वा अध्याय काढतात, त्यात आज्ञा पाळणाऱ्याला वेळेवर पाऊस आहे आणि न पाळणाऱ्याच्या डोक्यावरचं आकाश पितळेचं होतं. तो अध्याय शास्त्रात आहे, मी तो फाडून टाकत नाही. पण मराठवाड्यात तो कुणापुढे वाचतोय याचं भान पाहिजे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मग लातूरकर मिरजकरांपेक्षा जास्त आज्ञाभंजक होते का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, हजारो माणसं मेली. ती काय इतरांहून पापी होती? हा प्रश्न मी नवा विचारत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा येशूनंच तो विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं, मी सांगतो, नाही. आणि डोंगरावरच्या प्रवचनात तो म्हणतो की पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो.

दुष्काळात ज्याचं रान करपलंय, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं आणि सावकाराचं देणं आहे, त्याला कुणी म्हटलं की तुझ्या आज्ञापालनात कुठंतरी कमी असेल, तर त्याच्या खांद्यावर आणखी एक धोंडा ठेवला. आमच्या भागात असे खांदे मोडलेले आम्ही पाहिलेत. मला मनापासून वाटतं की त्या माणसाला आज्ञा शिकवायच्या आधी आपण त्याच्याबाबतीतली आपली आज्ञा पाळावी. त्याच्या पांघरुणाची. त्याच्याकडून येणं असेल तर ते कसं मागायचं, त्याच्या घरातलं काय गहाण घ्यायचं नाही, रात्री त्याला झोप लागेल असं काय करता येईल, हे नियमशास्त्रात स्पष्ट लिहिलंय. गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरायचंसुद्धा नाही, बाहेर उभं राहायचं, तो आणून देईल ते घ्यायचं, इतकं बारीक लिहिलंय. त्याची अब्रू उंबऱ्याच्या आत शाबूत राहावी म्हणून.

मोठीमायकडच्या गोष्टीत एक गाठ अजून सुटायची आहे. ती दिवस बुडायच्या आत मजुरी देते, पण कापूस सोडला तर बाकीची कामं रोजावर असतात, आणि रोज गडीमाणसाला वेगळा, बाईला वेगळा. खुरपणीला बाई गड्याइतकाच वेळ वाकते, आणि तिचा रोज कितीतरी कमी. गावाचा भाव म्हणून तो वर्षानुवर्षं चालत आलाय. गेल्या पावसाळ्यात बायांच्या बैठकीत मत्तयाचा २० वा अध्याय निघाला, येशूनं सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा, म्हणजे गोष्टीचा. त्यातही संध्याकाळच आहे. धनी कारभाऱ्याला म्हणतो, मजुरांना बोलाव आणि शेवटच्यांपासून सुरुवात करून मजुरी दे, आणि तासभर राबलेल्यालाही दिवसभर राबलेल्याइतकाच दीनार मिळतो. देवाची कृपा कशी असते ते या दाखल्यात आहे, असं आम्ही बोलत होतो. मागं बसलेली एक बाई, तीही खुरपणीला जाते, म्हणाली, “तिथं सगळ्यायला सारखा दीनार. आमाला तर दिवसभर करूनबी सारखा नाही.”

बैठकीत कुणी काही बोललं नाही. मोठीमाय घरी आली, जेवली, वही काढून बसली. दुसऱ्या दिवशी खुरपणीला आलेल्या बायांना तिनं गड्यांचा रोज दिला. वाढीव पैसा कुठून येणार ते मी विचारलं, तर म्हणाली सोयाबीनचं आणखी एक पोतं आधी घालावं लागंल.

आठवड्याच्या आत शेजारचे दोघं-तिघं घरी आले. त्यातला एक आमच्याच मंडळीतला. मावशी, तुम्ही असं केलं तर गावाचा भाव बिघडतो, आम्हाला परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच परवडत नाही, सोयाबीनचा भाव सगळ्यांचाच पडलेला आहे. तिनं त्यांना चहा दिला आणि दाखला वाचून दाखवला नाही. एवढंच म्हणाली की माझ्या रानात मी देणार, तुमच्या रानाचं तुम्ही बघा. मंडळीतला जो होता तो उठून गेला, आणि रविवारी देवळात तिच्याशी बोलला नाही. त्याच संध्याकाळी मोठीमाय माझा हात धरून त्याच्या घरी गेली. तो रानात होता. त्याच्या बायकोनं बाज टाकली, आम्ही बसलो, दिवस बुडाला तरी तो आला नाही. आता वेचणी तोंडावर आलीय, त्याच्या आणि आमच्या रानात वेचायला येणाऱ्या बाया त्याच आहेत, आणि मोठीमाय उद्या पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे.